बाख वाजवताना उजव्या पेडलवर पाय असावा का?

पांढरी_एक, छत्रपती संभाजीनगर

मागच्या रविवारी सिडकोत एका मैत्रिणीकडे आम्ही नऊ जण जमलो होतो. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक जण दवाखाना सांभाळून वाजवणारे. पियानोवर पोट असलेलं आमच्यात कुणीच नाही. दोन महिन्यांतून एकदा असं बसतो. यावेळी ठरलं होतं की १७५० च्या आधीचंच वाजवायचं. बाख, हॅन्डल आणि स्कार्लाती हे तिघंही संगीतकार १६८५ साली जन्मले, म्हणून हे तिघंच.

मी ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’च्या पहिल्या भागातला, १७२२ चा, सी मेजर प्रिल्यूड (सुरुवातीला वाजवायचा छोटा तुकडा) वाजवला. सात-आठ वर्षं वाजवतेय. बार (तालाचा एक खण) सुरू झाला की सूर धरून ठेवणारं उजवं पेडल दाबायचं, बार बदलला की सोडून परत दाबायचं, असं मला शिकवलेलं. वाजवून झाल्यावर मैत्रिणीचे सासरे बोलले. त्यांचं आयुष्य शास्त्रीय गाणं ऐकण्यात गेलं, पियानोशी त्यांचा संबंध नाही. म्हणाले, “गोड होतं बाई, पण मला त्यातला एकही सूर सुटा ऐकू आला नाही.”

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. सगळं एका ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं. रात्री झोप लागली नाही.

बाखच्या काळच्या हार्पसिकॉर्डला सूर धरून ठेवणारं पेडल नव्हतं. पट्टी सोडली की जॅक, म्हणजे तार खुडणारी लाकडी काडी, खाली येतो, त्याला लावलेलं कापड तारेवर टेकतं, सूर बंद. क्लाव्हिकॉर्ड या त्याच काळच्या दुसऱ्या वाद्यावर तर पितळेचं पातं तारेला जोवर भिडलेलं तोवरच सूर. म्हणजे सूर किती लांबवायचा हे बोटानंच ठरवायचं. मग ते काम आपण पायाकडे का दिलं? मी ठरवलंय, महिनाभर पाय खुर्चीखाली. पण तीन दिवस झाले आणि घरातला पियानो फार कोरडा वाटतोय, हेही सांगते. तुम्ही काय करता?

गोदाकाठ, नांदेड

ताई, सासऱ्यांचा कान मोठा आहे. पण निदान वेगळं असू शकतं. तुमच्याकडे पेडलचा दोष आहे की पेडल चुकीच्या वेळी बदलण्याचा, हे आधी बघा.

मी साठी ओलांडली आहे, पस्तीस वर्षं वाजवतोय. माझं ठाम मत असं: पियानो हा हार्पसिकॉर्ड नाही आणि त्यानं तसं सोंगही घेऊ नये. हार्पसिकॉर्डची तार खुडली जाते, आवाजाला टोक येतं, एकावर एक चार सूर राहिले तरी प्रत्येकाची सुरुवात कानाला टोचते. पियानोवर फेल्टचा हातोडा बसतो, सुरुवात गोल असते. त्याची भरपाई कुठं तरी करावी लागते. रिख्टर या पियानोवादकाचं १९७० च्या दशकातलं रेकॉर्डिंग ऐका, पेडल भरपूर आहे, आणि तरी फ्यूगमधली (एकमेकींत गुंफलेल्या ओळींच्या रचनेतली) एकेक ओळ मोजून घ्या. उलट आंद्राश शिफ हेच पूर्ण पुस्तक पेडलला पायच न लावता वाजवतो. दोघंही श्रेष्ठ. म्हणजे पेडल हा गुन्हा नाही, तसंच ती गरजही नाही.

बाकी बाख स्वतः पियानोला ओळखत होता हे विसरू नका. झिल्बरमाननं केलेला पियानो त्यानं पाहिला, वरचे सूर दुबळे आणि पट्ट्या जड अशी तक्रार केली. नंतर झिल्बरमाननं सुधारणा केल्या, आणि मे १७४७ मध्ये पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाच्या दरबारी बाखनं झिल्बरमानचे पियानो वाजवले.

पांढरी_एक

काका, त्या झिल्बरमानच्या पियानोला डॅम्पर, म्हणजे तारेवर टेकून सूर बंद करणारं फेल्ट, उचलायची सोय होती, पण ती हातानं ओढायची. दोन्ही हात सुरांत गुंतलेले असताना बारगणिक ती कोण ओढणार? एकदा उचलले की तुकडाभर उचललेले, एवढंच. आपण करतो ते, सूर वाजल्यावर क्षणभरानं पाय बदलायचं तंत्र, ते एकोणिसाव्या शतकात रुळलं. म्हणून १७४७ चा पुरावा तुमच्या बाजूनं पूर्ण जात नाही असं मला वाटतं.

पेटीवाला_पैठण

मी पियानोवाला नाही, भजनी मंडळात पेटी वाजवतो. पण हा धागा वाचून काल रात्री हा प्रिल्यूड पेटीवर लावून बघितला. पुतण्यानं सी ला सा धरून स्वर लिहून दिले. पहिला बार सा ग प सां गं. दुसरा सा रे ध रें मं. तिसरा नि रे प रें मं. चौथा परत पहिल्यासारखा.

आमच्याकडं पेडल नाही, भाता आहे. बोट उचललं की सूर गेला. त्यामुळं जोड बोटानंच द्यायची हे लहानपणीच अंगवळणी पडतं. एक बोट उठायच्या आधी दुसरं टेकलेलं पाहिजे, पण इतकंच आधी की दोन्ही सूर एकत्र कळू नयेत. आमचे गुरुजी तर चार तास फक्त दोन पट्ट्यांवर बसवायचे.

पण एक गोष्ट ध्यानात आली. पाची बोटं धरून ठेवली तर पेटीवर प्रिल्यूड उरतच नाही. नुसती सा-ग-प अशी भिंत उभी राहते, कारण पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर कमीच होत नाही. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो ना? मग तिथं धरून ठेवलेले मागचे सूर आपोआप मागं सरत असतील आणि नवा पुढं येत असेल. माझं बरोबर आहे का, सांगा.

पांढरी_एक

दादा, अगदी बरोबर! आठ वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नाही. विरणं हाच पियानोचा आणि हार्पसिकॉर्डचा गुण आहे, त्यामुळेच बोटं पट्ट्यांवर रेंगाळवणं चालतं. ऑर्गनवाल्यांना ते जमणार नाही.

तुमच्या स्वरांवरूनच सांगते की बारमध्ये पेडल नीट न बदलल्यास काय होतं. पहिल्या बारचा गं दुसऱ्यात राहिला तर तो मं ला घासतो, मध्ये अर्ध्या सुराचंच अंतर. दुसऱ्यातला सा तिसऱ्यात राहिला तर नि ला घासतो. आणि बाखनं ती घासाघीस स्वतःच्या हिशेबानं लिहिली आहे: दुसऱ्या बारमध्ये सा खाली धरलेला आणि त्याच्या शेजारीच रे. तो ताण त्याला हवा होता, तिसऱ्यात खाली नि येऊन सुटायला. आपण पायानं भलतेच सूर आणून ठेवले की त्याचा ताण आपल्या गोंधळात बुडतो.

जालना_ऑर्गन

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी वाजवतो. ऑर्गनवाल्यांचं नाव निघालं म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे वाद्याबद्दल बोलताय, खोलीबद्दल कुणी बोलत नाहीये. दगडी भिंती, उंच छत, लाकडी बाकं. हात उचलल्यावर सूर भिंतींवरून परत येतो. मला तिथं सूर जास्त तोडावे लागतात, नाहीतर कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) कॉर्ड चढते. तेच भजन घरी दिवाणखान्यात कीबोर्डवर वाजवलं तर चिकटवून वाजवावं लागतं. पियानो आपण ठेवतो कुठं? सोफा, गादी, पडदे, मे महिन्यात खिडक्यांना लावलेली वाळ्याची ताटी. सूर जन्मतो आणि तिथंच मरतो. मग ताईंना कोरडं वाटणारच. तो दोष पेडल न वापरण्याचा नाही, खोलीचा आहे. अशा खोलीत पेडल थोडंसं, अगदी पाव इंच, दाबून खोली मोठी करता येत असेल तर मी करीन. आवाजांना चिकटवण्यासाठी करणार नाही.

आणखी एक. बाख ऑर्गन वाजवायचा, १७२३ पासून लाइपझिगला होता. त्याचे पाय रिकामे नव्हतेच, ते सूर वाजवत होते. ‘पेडल पॉइंट’ हा शब्द तिथूनच आला, पायानं धरलेला खालचा लांब सूर. त्याचा पियानोच्या पेडलशी काही संबंध नाही. नवीन मुलांचा इथं हमखास गोंधळ होतो. त्या प्रिल्यूडमध्ये २४ ते ३१ या आठ बारांत खाली सारखा जी (तुमचा प) आहे, त्याला पेडल पॉइंट म्हणतात, म्हणून माझ्या एका विद्यार्थ्यानं आठही बार पाय दाबून ठेवला होता.

लातूरची_आई

नमस्कार. माझी लेक बारा वर्षांची, ग्रेडच्या परीक्षेसाठी हाच प्रिल्यूड बसवायलीय. ऑनलाइन सर म्हणतात पेडल अजिबात नको. लेकरू म्हणतं, आई, पेडल काढलं की खडे टाकल्यासारखं वाटायलंय. रोज रडारड. मी स्वतः वाजवत नाही, पण तिच्या शेजारी रोज बसते. तिला काय सांगू?

दुसरं असं की इथं तुम्ही बारचे नंबर सांगायलाव ते आमच्या पुस्तकाशी जुळत नाहीत. आमच्याकडं शेवट ३६ वर आहे.

गोदाकाठ, नांदेड

माय, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. बाखचे बार ३५. तुमच्या पुस्तकात २२ आणि २३ च्या मधे एक जादा बार असणार, खाली जी असलेला. तो श्वेंके नावाच्या माणसानं नंतर घातलेला. २२ मध्ये खाली एफ शार्प (तीव्र म) आहे आणि २३ मध्ये एकदम ए फ्लॅट (कोमल ध). ती उडी त्याला खटकली, म्हणून मध्ये जी ची पायरी बांधली. चेर्नीच्या आवृत्तीतही तो बार आहे, आणि गुनो या संगीतकारानं याच प्रिल्यूडवर ‘आवे मारिया’ बांधली तीही त्या जादा बारासकट. परीक्षेचं अधिकृत पुस्तक काढून बघा आणि त्यात असेल तसं वाजवा. जादा बार खोडून टाकला की त्या उडीतली धार कळेल.

लेकरासाठी सर सांगतात ते सध्या बरोबर आहे. मी पेडलचा पक्षपाती असून सांगतो. या वयात बोटं आधी.

पांढरी_एक

ताई, तिला नोटेशनमध्ये एक गोष्ट दाखवा. पहिल्या बारमध्ये डाव्या हाताचे दोन सूर बघा, सी आणि ई. सी अर्धा बारभर धरायला लिहिलाय. ई जरा नंतर येतो आणि तोही अर्ध्या बारच्या शेवटापर्यंत धरायला लिहिलाय. उजव्या हाताचे तीन मात्र आखूड. म्हणजे बाखनं स्वतः, स्वतःच्या हातानं, पेडलचं निम्मं काम डाव्या हाताला लिहून दिलंय. बहुतेक मुलं डावा हात लवकर उचलतात, कारण पेडल सांभाळून घेतं. पेडल काढलं की ते उघडं पडतं, तेच तिला खड्यांसारखं वाटतंय.

तर असं करा. चार दिवस फक्त डावा हात. सी दाबला, ई दाबला, दोन्ही तळाशी, बोटं ढिली पण पट्ट्या खाली. तुम्ही शेजारी बसता ना, तुम्ही पट्ट्यांकडे बघा: पुढचा सी येईपर्यंत दोन्ही पट्ट्या खाली आहेत का? वाजवता येत नसलं तरी हे डोळ्यांना दिसतं. मग उजवा हात जोडायचा. उजव्या हाताचे जी, सी, ई एका पंजात मावतात, तेही अर्धा बार धरून बघायचे. लिहिलेलं नाही, पण हार्पसिकॉर्डवाले असं करतात. खडे जातील.

तरफ, अंबाजोगाई

सतार वाजवतो. धागा वाचतोय तेव्हापासून एकच विचार चालू आहे.

सतारीला वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. आपण त्यांना हात लावत नाही, वरचा सूर लागला की त्या आपोआप बोलतात. पण त्या रागाच्या सुरांत लावलेल्या असतात. यमन वाजवायचा तर तरफ यमनची. यमनची तरफ ठेवून भैरव वाजवायला घेतला तर कोमल रे लावला की खाली काहीच उमलत नाही, आणि शुद्ध रे उगीच कुजबुजतो.

पियानोचं उजवं पेडल म्हणजे सगळ्या तारांची तरफ एकदम मोकळी, बरोबर ना? बाराही सूर. जोवर एकच स्वरसमूह आहे तोवर ठीक, कारण ज्यांचं नातं आहे त्याच तारा जास्त बोलणार. पण बाखमध्ये दर बारला समूह बदलतो. म्हणजे दर बारला तरफ नव्यानं लावायला हवी. पायानं ते करायचं म्हणजे जुनी तरफ पूर्ण शांत होऊ द्यायची आणि मग नवी मोकळी करायची. मला वाटतं ताईंचं पेडल इथं चुकत असावं. पूर्ण शांत व्हायच्या आत पाय परत खाली.

कुणाकडे खरा पियानो असेल त्यांनी हे करा, मी एका मित्राकडे करून बघितलं आणि अंगावर काटा आला. मधल्या सी च्या खालच्या सप्तकातला सी आवाज न करता हळूच दाबून धरायचा. मग मधला सी जोरात वाजवून लगेच सोडायचा. खालच्या तारेतून वरचा सूर येत राहतो.

परभणी_८८

डिजिटल पियानोवाल्यांसाठी. आमच्यातल्या बहुतेकांकडे कीबोर्डसोबत आलेलं छोटं चौकोनी पेडल असतं. ते स्विच आहे, चालू किंवा बंद. पाव इंच दाबा की तळापर्यंत, आवाज तोच. त्यामुळं जालन्याचे सर म्हणतात ते पाव पेडल त्यावर होणारच नाही. मॅन्युअलमध्ये ‘हाफ पेडल’ लिहिलंय का बघा, आणि असेल तर त्या जातीचं वेगळं पेडल घ्यावं लागतं. आणि पाय पेडलवर ठेवून कीबोर्ड चालू करू नका. कितीतरी मॉडेल चालू होताना पेडलची स्थिती बघतात, मग सगळं उलटं होतं: दाबलं की सूर तुटतो, सोडलं की वाहतो. मी आठवडाभर कीबोर्ड बिघडला समजत होतो.

मला विचाराल तर स्विचवालं पेडल असेल तर बाखला नकोच. बोटं रेंगाळवायला काही विकत घ्यावं लागत नाही.

सुती_नमदा

पियानो दुरुस्त करतो, मराठवाड्यात फिरतीवर असतो. ताई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये जे ओल्या फडक्याचं लिहिलंय त्यावरून विचारतो. घरच्या पियानोवर पाय पूर्ण काढून एक परीक्षा करा. खालून वर एकेक पट्टी टचकन वाजवून सोडा. प्रत्येक सूर लगेच बंद होतो का? सगळ्यात वरचे दीडेक सप्तक सोडा, तिथं डॅम्परच नसतात, ते चालूच राहणार.

आपल्याकडं मे महिन्यात लाकूड वाळतं, जूनमध्ये फुगतं. वर्षाला दोनदा हे होत राहिलं की पेडलचा दांडा, स्प्रिंगा, डॅम्परचं फेल्ट, कशाचं तरी माप हलतं. फेल्ट कडक झालं किंवा उंदरानं कुरतडलं तर तार नीट झाकली जात नाही. खालच्या सुरांना तांब्याचं वेटोळं असलेल्या दोन-दोन तारा असतात, मधे पाचरीसारखं फेल्ट बसतं. ते तिरकं बसलं तरी एक तार बोलत राहते. मग माणूस पेडलला दोष देतो.

पांढरी_एक

दादा, हे वाचून तशीच उठले. रात्रीचे साडेदहा, पंखा बंद केला, सगळ्या पट्ट्या तपासल्या.

खालचा एफ शार्प बंद होत नाही!

म्हणजे २२ व्या बारचा एफ शार्प २३ व्या बारच्या ए फ्लॅटखाली चालूच असतो. लातूरच्या ताईंच्या पुस्तकात श्वेंकेनं पायरी बांधली नेमक्या त्याच ठिकाणी माझा पियानो गेली कोण जाणे किती वर्षं स्वतःची पायरी बांधतोय. मला ती उडी धूसर वाटायची आणि मी समजायचे तो बारच तसा आहे, गूढ. पेडल दाबलेलं असायचं म्हणून ऐकूच आलं नाही. पाय काढल्याशिवाय कळलंच नसतं.

मैत्रिणीच्या घरचा पियानो वेगळा आहे, तेव्हा सासऱ्यांना जे खटकलं ती चूक माझ्या पायाचीच. पण इतकी वर्षं घरी अशा पियानोवर सराव करून माझा कान त्या धुक्याला सरावला असणार.

सुती_नमदा

बाहेरचं पुढचं पॅनल काढून त्या डॅम्परकडे टॉर्चनं बघा, हात लावू नका. पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला आहे, येऊन जातो.

लातूरची_आई

लेकीला डाव्या हाताचं सांगितलं. पहिल्या दिवशी चिडली. मी पट्ट्यांकडं बघत बसले, वर आली की फक्त बोट दाखवायचे, बोलायचं नाही. काल रात्री तिनं स्वतःच म्हटलं, आई, सी अजून वाजतोय ऐक. मला ऐकू आलं. मला सूर कळत नाहीत, पण ते ऐकू आलं.

गोदाकाठ, नांदेड

वा.

आता माझं ऐका. मी पेडलचा पक्ष सोडलेला नाही. हॅन्डलचा डी मायनरमधला साराबांद (संथ नाचाचा तुकडा) घ्या. भरल्या हाताच्या कॉर्ड, संथ चाल, एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना हात उचलावाच लागतो. तिथं पाय हवा, फक्त जोडापुरता. कुपरँ या फ्रेंच हार्पसिकॉर्डवादकानं १७१६ च्या पुस्तकात एका पट्टीवर बोट बदलायची युक्ती दिलीय, चौथं ठेवून त्यावर पाचवं आणायचं, म्हणजे पट्टी न सोडता हात मोकळा होतो. ती सगळीकडे वापरा. पण चार सुरांच्या कॉर्डला बोटं कुठून आणणार?

आणि सगळं जोडूनच वाजवायचं, हाही गैरसमज. बाखच्या मुलानं, कार्ल फिलिप इमान्युएलनं, १७५३ च्या पुस्तकात लिहिलंय की ज्या सुरांवर काही खूण नाही ते त्यांच्या किमतीच्या निम्मे धरावेत. त्याच माणसानं १७६२ च्या दुसऱ्या भागात पियानोच्या डॅम्पर उचललेल्या आवाजाची स्तुती केलीय, आयत्या वेळी सुचेल ते मनानं वाजवताना तो फार सुंदर लागतो म्हणून. एकाच घरात दोन्ही.

पांढरी_एक

काका, मान्य. आणि तुमच्या बाजूचं एक मीच देते. १७२३ च्या इन्व्हेन्शन्सच्या (शिकणाऱ्यांसाठीच्या छोट्या तुकड्यांच्या) पहिल्या पानावर बाखनं लिहिलंय की यातून गाण्यासारखं वाजवायची रीत शिकावी. गाणारा माणूस सूर खड्यांसारखे टाकत नाही. माझं म्हणणं इतकंच की गाण्यात श्वास कुठं घ्यायचा हे गळ्याला ठाऊक लागतं. माझ्या बोटांना ते ठाऊक नव्हतं, पाय झाकत होता. आता दोन आवाजांचं, म्हणजे दोन ओळींचं, पहिलं इन्व्हेन्शन पेडलशिवाय वाजवते तेव्हा डाव्या हातानं वाक्य कुठं संपवलं हे मला कळतं. पूर्वी ते कुठंच संपत नव्हतं.

पेटीवाला_पैठण

ताई, आमच्याकडं अभंगाच्या चालीत कडवं संपलं की पेटीनं गप्प बसायचं असतं, टाळ चालू राहतो. नवा पोरगा तिथं भाता ओढतच राहतो. हेच दिसतंय.

पांढरी_एक

तीन आठवड्यांनी लिहितेय. एफ शार्पचा डॅम्पर बसला. दादांनी पाचरीचं फेल्ट बदललं आणि पेडलचा दांडाही जरा सैल केला, तो सगळेच डॅम्पर केसभर उचलून धरत होता.

काल सिडकोत परत बसलो. प्रिल्यूड तीनदा वाजवला. पहिल्यांदा पेडलशिवाय, फक्त लिहिलंय तसं. दुसऱ्यांदा उजव्या हाताचे सूरही अर्धा बार धरून. तिसऱ्यांदा तसंच, पण २४ ते ३१ या बारांत पेडल अगदी वरच्यावर, आणि अर्ध्या बारला पूर्ण सोडून. सासऱ्यांना तिन्हींत काय केलं हे सांगितलं नव्हतं. पहिल्याला म्हणाले, स्पष्ट आहे, पण तानपुरा नाही. दुसऱ्याला काही बोलले नाहीत, डोळे मिटून होते. तिसऱ्यानंतर म्हणाले, “शेवटी शेवटी घर मोठं झालं.”

मी दुसरा आणि तिसरा ठेवणार आहे, खोली बघून.

जालना_ऑर्गन

घर मोठं झालं! तेच तर म्हणत होतो.

गोदाकाठ, नांदेड

पुढच्या बैठकीला मी येतो, नांदेडहून सकाळच्या गाडीनं. पहिल्या भागातला ए मायनर फ्यूग वाजवीन. अडचण एकच. त्याच्या शेवटी काही बारभर खाली ए धरून ठेवायला लिहिलाय आणि वर दोन्ही हात चार आवाजांत गुंतलेले. दोन हातांनी ते होत नाही, तो सूर पायाच्या पट्ट्या असलेल्या वाद्यासाठी असावा असं म्हणतात. उजवं पेडल दाबून ठेवलं तर वरचे सगळे आवाज चिखलात. ग्रँड पियानोचं मधलं पेडल असतं तर तेवढा एक सूर पकडता आला असता, पण तुमच्या मैत्रिणीकडे अपराइट, म्हणजे उभा पियानो, आहे, त्याच्या मधल्या पेडलनं फक्त आवाज दबतो. काय करावं?

लातूरची_आई

काका, आम्ही पण यायलोय. लेक म्हणते, मी तुमच्या डाव्या बाजूला बसते आणि तो ए धरते. कुठल्या बोटानं धरू, तेवढं सांगा.

गोदाकाठ, नांदेड

पाचव्यानं धर, बाळ. माझा हात तुझ्यावरून जाईल. विरला असं वाटलं तर हळूच परत दाब, मला विचारू नकोस.